कागदाची भेळ आणि बावन्न किलो

कार्डिफ, ६ एप्रिल २०२५

तीर्थरूप सुमनताईस,

वाकून नमस्कार. खरं तर वाकलं की दम लागतो, पण कागदावर कोण बघतंय?

फोनवर तुझं बोलणं मला अर्धं ऐकू येतं आणि कानातलं यंत्र तुझ्या आवाजाला शिट्टी मारतं. म्हणून पत्र. सर्जनकडे जाऊन आलो. हृदयाची झडप बदलायला तो तयार आहे, पण आत्ताच्या वजनावर माझी छाती उघडणार नाही म्हणाला. थंडीतल्या न्यूमोनियाने माझं पार चिपाड केलं आहे. पायातून झडप सरकवायचा सोपा मार्ग माझ्या हृदयाच्या ठेवणीला चालत नाही, तेही तपासून झालं. तेव्हा बावन्न किलो करून ११ जूनला या, असा हुकूम आहे. तीस वर्षं लोकांना भूल देण्यात गेली माझी, त्यामुळे तो 'नाही' का म्हणतो ते मला नीट कळतं.

तू मागितलेली खाण्याची नोंद अशी. सकाळी दोन अंडी, लोणी लावलेले दोन टोस्ट, दूध. दुपारी तीन पोळ्या, वरण, भाजी, दही. चार वाजता मूठभर बदाम. संध्याकाळी खिचडी, वर तूप. रोज हेच. मीनल रीडिंगहून बापाला रोज फोन करते, तिलाही हेच सांगतो.

वजन सत्तेचाळीस किलो दोनशे. गेल्या महिन्यापेक्षा आठशे ग्रॅम कमी. काटा जुना झालाय.

तुझा,
शशी


कॉव्हेंट्री, १० एप्रिल

चि. शशी,

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहायला मला अजून मजा येते, म्हणून अनेक आशीर्वाद.

तुझी नोंद मोजली. दिवसाला दोन हजार कॅलरी होतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या तुझ्याएवढ्या माणसाने एवढं खाल्लं तर तो महिन्याभरात गुटगुटीत व्हायला हवा. तू आठशे ग्रॅम उतरलास. म्हणजे एकतर कार्डिफमध्ये निसर्गाचे नियम बदलले, नाहीतर तू थापा मारतोयस. चौतीस वर्षं मी हॉस्पिटलात डायटिशियन होते. पेशंट खोटं कसं लिहितात ते मला पाठ आहे. ते सगळं गोल गोल लिहितात, 'रोज हेच' म्हणतात आणि काट्याला दोष देतात.

तीन पोळ्या! पोळ्या लाटतं कोण? तुझी अलका गेल्याला दोन वर्षं झाली. तुझ्या घरात कणीक आहे का, एवढंच मला पुढच्या पत्रात कळव.

शशी, आपण चार भावंडं होतो, आता दोघं उरलोय. मला शेवटची उरायचं नाही. हे एवढं एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

ताई


कार्डिफ, २७ एप्रिल

ताई, ताई, ताई!

नमस्कार राहिला, तो शेवटी करतो. सतरा दिवस पत्र लिहिलं नाही कारण तुझं खरं होतं. कणीक नाही. चहा आणि टोस्ट, कधी दही. काहीही तोंडात घेतलं की पुठ्ठा चावल्यासारखं वाटायचं. पण ते सोड! आज काय झालं ते ऐक.

मीनल शनिवारी येऊन राहिली होती. आज सकाळी म्हणाली, "बाबा, थोडा फ्रेश एअर घ्या ना, प्लीज. घरामध्ये बसून तुमची भूक कसा येणार?" या पोरीच्या मराठीत स्त्रीलिंग आणि पुल्लिंग एकमेकांच्या घरी राहायला जातात, पण मुद्दा बरोबर होता. नदीकाठी रविवारचा बाजार भरतो तिथे घेऊन गेली. चीजवाले, पाववाले, मधवाले. मी आपला एका बाकावर बसलो. आणि वास आला.

ताई, सुकटीचा! भाजलेल्या सुकटीचा, त्यात कैरी किसल्याचा! वेल्समध्ये, नदीच्या काठावर! मी उठलो आणि वासामागून चालत सुटलो, मीनल माझी काठी घेऊन मागे पळत होती.

एक व्हिएतनामी बाई, लान तिचं नाव, पन्नाशीची असेल. हातात मोठी कात्री. तांदळाचा पारदर्शक कागद असतो, आपल्या उन्हात वाळवलेल्या पापडीसारखा, पण न भाजलेला. तो ती सरळ कात्रीने पट्ट्या पट्ट्या कापते. पिशवीत टाकते, वरून किसलेली कैरी, शेंगदाणे, तळलेला कांदा, सुकट, लावा पक्ष्याची इवलीशी उकडलेली अंडी, कांद्याच्या पातीचं तेल, लिंबू, लाल मिरचीचं मीठ आणि कोथिंबिरीची लांबची बहीण वाटावी असा एक पाला. मग पिशवीचं तोंड धरून खुळखुळा हलवावा तशी हलवते. त्यात सुकं बीफही घालतात, ते मी अलकाला स्मरून वगळायला लावलं. नाव बान्ह त्रांग त्रोन. तिच्या गावी शाळेच्या फाटकाबाहेर मुली हे खात उभ्या असतात म्हणे. मला विचारशील तर ही भेळ आहे. कागदाची भेळ!

मी पिशवी संपवली. उभ्या उभ्या! मग दुसरी मागितली. कागद तेलात भिजून मऊ झालेला, दाताखाली किंचित ओढ धरणारा, मध्येच शेंगदाणा, मध्येच आंबट. पुठ्ठा नाही, ताई. चव होती. पाच महिन्यांनी मला चव आली.

मीनल रडायला लागली. मिरची लागली म्हणाली. तिने खाल्लंच नव्हतं.

आता नमस्कार.

शशी


कॉव्हेंट्री, १ मे

चि. शशी,

पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. आशीर्वाद घे आणि कामाला लाग.

मला त्या पिशवीतली प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये हवी. 'मूठभर' चालणार नाही, 'चवीपुरतं' चालणार नाही. स्वयंपाकघरातला काटा घेऊन लानकडे जा आणि लाज वाटली तर तिला सांग की माझी बहीण वेडी आहे. ती आठवड्यातून एकदाच येते, तेव्हा सहा दिवसांचं सामान वेगवेगळं बांधून देईल का तेही विचार. तू घरी कालवून खा.

आईच्या सुकटीची आठवण कशाला करून दिलीस? अलिबागच्या त्या पितळी परातीत ती कैरी आणि सुकट कालवायची आणि आपण चौघं वास घेत उंबऱ्यावर बसायचो. मी आज कित्येक वर्षांनी फोल्सहिल रोडच्या देशी दुकानांत सुकट शोधायला जाणार आहे!

ताई


कार्डिफ, ६ मे

ती. ताईस,

काटा घेऊन गेलो. पुढे दोन शाळकरी मुली, मागे एक बाळाची गाडी, मध्ये काटा धरलेला मी. लान आधी हसली, मग तिला एकदम चेव आला. म्हणाली, "डॉक्टर, माझी आजी पण अशीच मोजायची, फक्त तिचा काटा तिच्या हातात होता." प्रत्येक जिन्नस तिने माझ्या काट्यावर स्वतः ठेवला.

घे. तांदळाचा कागद पन्नास ग्रॅम. शेंगदाणे पंधरा. पातीचं तेल दहा. लाव्याची अंडी दोन. सुकट आठ. कैरी चाळीस. तळलेला कांदा आठ. पाला आणि लिंबू वजनात धरू नकोस. सोया सॉस एक चमचा.

सामान बांधून द्यायला ती तयार आहे. शिवाय तिने स्वतः घरी केलेल्या सुकटीच्या लाल मिठाची एक बरणी भेट म्हणून दिली. काय चीज आहे ते! दही-भातावर घालतो, अंड्यावर घालतो, टोस्टवरसुद्धा. पिशवी संपली की तळाशी उरलेलं बोटाने चाटतो. तू असतीस तर हातावर मारलं असतंस.

वजन सत्तेचाळीस आठशे. सहाशे ग्रॅम वर! जुना काटा सुधारला बघ.

शशी


कॉव्हेंट्री, ११ मे

चि. शशी,

निवृत्त झाल्यापासून एवढी मजा आली नव्हती! माझी जुनी तक्त्यांची वही माळ्यावरून काढली, चष्मा पुसला आणि तुझी भेळ मांडायला बसले.

एका पिशवीत साधारण साडेचारशे कॅलरी. कळलं का? तुझ्या चहा-टोस्टच्या दुप्पट, आणि आकाराने एक वाटी! सगळ्यात जास्त बळ कागदातून येतं, तो म्हणजे नुसता पिठूळ तांदूळ. पण गंमत पुढे आहे. शेंगदाणे, तेल, तळलेला कांदा आणि अंडी मिळून स्निग्ध पदार्थ वीस ग्रॅमच्या वर जातात, आणि सुकट, अंडी, दाणे यांची प्रथिनं अकरा ग्रॅम. नुसत्या आठ ग्रॅम सुकटीत जवळजवळ पाच! लोक हा तक्ता बघून घाबरतील. वजन उतरवायला आलेल्या बायकांना मी स्वतः म्हटलं असतं, बाई गं, सॅलड समजून खाऊ नकोस, हे जेवण आहे. पण तुझ्यासाठी हे असं औषध आहे की जे मला कुठल्याही बाटलीत सापडलं नसतं. त्या हॉस्पिटलच्या गोड दुधाच्या बाटल्या तू खिडकीतल्या कुंडीत ओततोस, हे मीनलने मला सांगितलंय.

रोज दोन पिशव्या खा. एक अकराला, एक चारला. जेवण वेगळं. तेल सढळ हाताने.

मी इथे करून पाहिली. कात्रीने कागद कापताना हसू येत होतं, जणू शाळेत हस्तकलेचा तास. काट्यावर मांडली, मोजली, दोन घास चाखले, बाकी शेजारणीला दिली. तिने डबा परत देताना आणखी मागितली!

महिना आहे अजून. बावन्न होणार, शशी. मी कॅलेंडरवर लाल गोल केलाय.

ताई


कार्डिफ, २० मे

ताई!

एक्कावन्न किलो शंभर!

पुन्हा वाच. एक्कावन्न किलो शंभर ग्रॅम! दोन आठवड्यांत तीन किलोच्या वर! आता फक्त नऊशे ग्रॅम. मीनलने फोनवर तीनदा विचारलं, "बाबा, बूट काढून वजन केला ना?" म्हटलं बूट काढूनच, आणि बुटांचं विचारशील तर तेसुद्धा घट्ट व्हायला लागलेत. पायसुद्धा भरले बघ! मोज्यांच्या खुणा उमटतात पोटरीवर, जशा तान्ह्या बाळाच्या मनगटावर दोऱ्याच्या.

तुझा तक्ता फ्रेम करून लावायला हवा. झोपताना जरा दम लागतो म्हणून दोन उशा घेतो, पण ते झडपेचं जुनंच आहे. रविवारी लानला आकडा पन्नाशी ओलांडल्याचं सांगितलं तर तिने कात्री हवेत उडवून झेलली. ११ जूनला सर्जनचं तोंड बघायला तू यायला हवीस.

आज तीन पिशव्या खाल्ल्या. आनंदाच्या.

तुझा जाडजूड,
शशी


कॉव्हेंट्री, २२ मे

शशी,

हे लिहिण्याआधी मीनलला फोन केला आहे. ती रीडिंगहून गाडी काढून निघाली. दोन तासांत तुझ्या दारात असेल आणि तुला हॉस्पिटलात नेईल. हे पत्र पोचेल तेव्हा तू तिथेच असशील. तरी लिहिते आहे, कारण फोनवर मला नीट रागावता येत नाही, आणि हा राग तुझ्यावर नाही.

दोन आठवड्यांत तीन किलो तीनशे. एवढी चरबी चढायला दिवसाला सतराशे-अठराशे कॅलरी जास्तीच्या लागतात. तुझ्या दोन पिशव्यांत नऊशे आहेत. हे मला आधीच्या पत्रात मोजता आलं होतं, तुझी थाप मी चार मिनिटांत पकडली होती. या वेळी पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात नाचले. मग दुपारी बुटांची ओळ पुन्हा वाचली.

ते वजन नाही, शशी, पाणी आहे. मिठाने धरून ठेवलेलं. मी कागद मोजला, तेल मोजलं, दाणे मोजले, सुकट मोजली. मीठ मोजलं नाही. तू बरणीचं लिहिलंस, चाटण्याचं लिहिलंस, मी वाचलं आणि पुढे गेले. आता मांडलं. लाल मीठ, सोया सॉस, खारवलेली सुकट, दही-भातावरचं वेगळं. दिवसाला बारा-चौदा ग्रॅम. तुझ्या हृदयाला पाचही जास्त आहेत. चौतीस वर्षं मी परक्या लोकांच्या ताटातलं मीठ काढून घेतलं आणि सख्ख्या भावाला बरणी भरून खाऊ दिलं.

मला माफ कर.

ताई


कार्डिफ, ३० मे

ती. ताईस,

घरी आलो. पाच दिवस ठेवलं, पाणी काढलं. वजन अठ्ठेचाळीस किलो सहाशे.

तू माफी मागू नकोस. मला एक सांगायचंय, तेही पत्रातच जमेल.

मला माहीत होतं. तीस वर्षं डॉक्टर होतो, ताई, मला कसं कळणार नाही? बरणी मिळाल्यावर आठवड्याभरात नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. मी बघितला आणि मोजा वर ओढला. तुला लिहिलं असतं तर तू भेळ बंद केली असतीस. पुन्हा चहा-टोस्ट, पुन्हा पुठ्ठा. आणि दुसरं म्हणजे आकडा वर जात होता. खोटा आहे हे माहीत असूनही रोज सकाळी काट्यावर उभं राहायला मी धावत जायचो. अलका गेल्यापासून मी कशासाठीही धावलो नव्हतो. मला जगायचंय हे मला त्या काट्यावर कळलं, आणि ते कळल्यावर मी मरायच्या वाटेला लागलो होतो. या वयात इतका मूर्खपणा शोभत नाही.

इथे मीनलने बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून कपाटाला कुलूप लावलंय. म्हणते, "बाबा, मी तुमच्यावर खूप रागावली आहे आणि तुमची सूप तयार आहे."

तर आता भेळ बंद, असंच ना?

शशी


कॉव्हेंट्री, ३ जून

चि. शशी,

कोण म्हणतं बंद?

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग वही उघडली. एप्रिलमध्ये सत्तेचाळीस दोनशे होतास. पाणी काढून अठ्ठेचाळीस सहाशे. म्हणजे एक किलो चारशे खरं आहे, शशी! चव फसवी नव्हती आणि माझा तक्ता खोटा नव्हता, अर्धा होता.

आता नीट ऐक. आई पान वाढताना आधी मीठ वाढायची, डावीकडे, चिमटीतलं. मग लिंबू, चटणी. मीठ सगळ्यांना दिसायचं. संपलं आणि पुन्हा मागितलं तर आबा नुसते बघायचे, आणि मागणारा हात मागे घ्यायचा. आपण फसलो ते पिशवीत. पिशवीला डावी बाजू नसते, सगळं कालवलेलं, त्यात मीठ किती ते हात घालणाऱ्यालाही कळत नाही.

तर पिशवी नाही, ताट. सुकट अर्धा तास पाण्यात भिजवून पिळायची, मग कोरडी भाजायची. सोया सॉस नाही, कैरी आणि लिंबू दुप्पट. तेल पंधरा ग्रॅम, अंडी चार. माझ्या वहीत सव्वापाचशे कॅलरी होतात. बिनमिठाचं कालवायचं आणि लानचं लाल मीठ ताटात डावीकडे, काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढं. बोट टेकवून खायचं. संपलं की संपलं.

मीनलला सांग, कपाटाची किल्ली तिच्याकडेच राहू दे. आणि रोज सकाळी अंगठा दाबून बघायचा आणि खड्डा पडला तर मोजा खाली ठेवायचा.

ताई


कार्डिफ, ३१ जुलै

ती. ताईस,

घाईत लिहितोय. तुला दर रविवारी आकडे पाठवत आलोय, हा शेवटचा. ११ जूनला सर्जनने मुदत वाढवून दिली होती, ती काल संपली. काल त्याच्या काट्यावर, बूट काढून, मोजे काढून, खिसे रिकामे करून एक्कावन्न किलो सातशे. तीनशे ग्रॅम कमी! मी मान खाली घालून बसलो. त्याने खाली वाकून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा नाही. म्हणाला, "हे सगळं तुमचं आहे ना?" म्हटलं, "सगळं माझं."

२० ऑगस्टची तारीख दिली!

लान आता पुठ्ठ्याच्या ताटलीत देते आणि मीठ डावीकडे ठेवते. इतर गिऱ्हाइकं विचारतात ही काय पद्धत. ती सांगते, ही अलिबागची.

शशी


कार्डिफ, १४ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. आता वाकता येतं, थोडं. छाती शिवलेली आहे म्हणून फार नाही.

मीनलने रोज फोनवर तुला सगळं सांगितलंच आहे, पण माझ्या अक्षरात घे. झडप नवी आहे, चांगली चालते. ऐकत राहिलं तर आतून बारीक टिकटिक वाटते, मला आवडते. काल घरापासून बस-स्टॉपपर्यंत चाललो आणि परत, मध्ये न थांबता. वजन एक्कावन्न. ऑपरेशनमध्ये थोडं गेलं, परत येईल.

तीन महिने जड उचलायला बंदी, म्हणून पडल्या पडल्या तुझी पत्रं पुन्हा वाचली, एप्रिलपासून सगळी. दोनदा वाचली. मग पेन्सिल घेऊन बसलो, तुझ्यासारखा.

ताई, मी काय खातो ते तू ग्रॅममध्ये विचारलंस. आईने काय खाऊ घातलं ते लिहिलंस. तक्ते लिहिलेस. तू काय जेवलीस हे एकाही पत्रात नाही. सबंध सहा महिन्यांत तुझ्या पोटात गेल्याचा पुरावा म्हणजे मे महिन्यातले भेळेचे दोन घास, आणि बाकीची तू शेजारणीला दिलीस.

भेळ काट्यावर ठेवलीस. तू कधी उभी राहिलीस?

भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली. तुझ्या घरात कणीक आहे का, एवढंच मला पुढच्या पत्रात कळव. आणि 'रोज हेच' लिहू नकोस, ते कोण लिहितं हे मला तूच शिकवलंस.

आपण दोघं उरलोय, हे तूच लिहिलं होतंस. मलाही शेवटचा उरायचं नाही.

शशी


कॉव्हेंट्री, १८ सप्टेंबर

चि. शशी,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याला दोन दिवस झाले. पहिल्या दिवशी एक उत्तर लिहिलं, ते फाडलं. त्यात तीन पोळ्या होत्या.

कणीक नाही.

सोमवारी चहा, टोस्ट, एक केळं. मंगळवारी चहा, टोस्ट, रात्री दही. बुधवारी चहा आणि टोस्ट, टोस्ट अर्धाच. मोजलं. सातशेच्या आत. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी त्या बाईला त्याच दिवशी वॉर्डात भरती करून घेतलं असतं. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, एवढंच कारण आहे, दुसरं काही दुखत नाही. तुझ्या पिशवीसाठी मी अख्खं फोल्सहिल पालथं घातलं आणि स्वतःसाठी ओटा पुसण्यापलीकडे काही केलं नाही.

काट्यावर उभी राहिले. आकडा लिहिणार नव्हते. एकेचाळीस किलो सहाशे. काटा नवा आहे.

तर शनिवारच्या सकाळच्या गाडीने येते. महिनाभर राहीन, तुला चालणार नसेल तरी राहीन. लानला सांग, रविवारी दोन ताटल्या, मीठ दोन्हींत डावीकडे, आणि माझ्या ताटलीत तेल जास्त. स्टेशनवर तू येऊ नकोस, मीनलला पाठव. बॅग जड आहे आणि तुला उचलायची बंदी आहे. त्यात कपडे फार नाहीत, माझा वजनकाटा आहे. तुझ्या काट्यावर माझा विश्वास नाही, आणि माझ्यावर तू विश्वास ठेवू नकोस. रोज सकाळी आधी तू उभा राहा, मग मी, आणि आकडा दुसऱ्याने वाचायचा.

तुझी,
ताई